समोर धावपट्टी दिसते, तरी विमान माघारी का फिरतं?

पहाटेचं विमान एखाद्या छोट्या विमानतळावर येतं, वर दोन-तीन घिरट्या घालतं आणि न उतरताच दुसऱ्या शहराकडे निघून जातं. खिडकीपाशी बसलेल्यांनी खाली धावपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते, कडेचे दिवेसुद्धा दिसलेले असतात. साहजिकच चिडचिड होते. दिसत होतं की सगळं, मग उतरवायला काय झालं होतं?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर साध्या भूमितीत आहे. जमिनीलगतच्या धुक्याचा थर पुष्कळदा जेमतेम ५० मीटर जाडीचा असतो. बरोबर वरून खाली पाहिलं तर नजरेला तेवढाच थर भेदावा लागतो, आणि तो भेदला जातो. वैमानिक मात्र उतरताना सरळ खाली पाहत नाही, तो ३ अंशांच्या उतारावरून समोर पाहतो. त्या तिरक्या रेषेत हाच ५० मीटरचा थर साडेनऊशे मीटर लांबीचा होतो. म्हणजे वरून स्वच्छ दिसलेली धावपट्टी ऐन शेवटच्या चौदा-पंधरा सेकंदांत नाहीशी होते, आणि नेमक्या त्याच सेकंदांत ती दिसणं अत्यावश्यक असतं.

हे धुकं मोठ्या विमानतळावरही पडतं. तिथे अनेकदा अधिक अचूक यंत्रणा असते, दुसरी धावपट्टी असते, राखीव उपकरणं असतात. छोट्या विमानतळाचं सगळं गणित एका शब्दात मावतं: एकेक. धावपट्टी एक, तिच्या एकाच टोकाला मार्गदर्शक यंत्रणा, टॉवरमध्ये एका वेळी एक नियंत्रक, विमान ढकलणारा ट्रॅक्टर एक. यातली एक गोष्ट बंद पडली की पर्याय विमानतळावर नसतो, तो दीड-दोनशे किलोमीटर दूरच्या दुसऱ्या विमानतळावर असतो. म्हणून विमान वळवणं ही फजिती समजू नये. छोट्या विमानतळाचा राखीव भाग तिकडे ठेवलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

आधी त्या मार्गदर्शक यंत्रणेकडे पाहू. तिला आयएलएस म्हणतात आणि तिचे दोन भाग असतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे अँटेनांची एक आडवी रांग असते, तो लोकलायझर. विमान मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे तो सांगतो. दुसरा भाग धावपट्टीच्या बाजूला, अलीकडच्या टोकापासून साधारण ३०० मीटरवर खांबावर असतो, तो ग्लाइड पाथ. उतार ३ अंशांचा आहे की नाही, हे त्यावरून कळतं. दोन्ही भाग ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर हवेत सोडतात. विमान डावीकडे सरकलं तर ९०चा सूर जोरात ऐकू येतो, उजवीकडे गेलं तर १५०चा. दोन्ही सारखे आले की विमान बरोबर मध्यावर. कॉकपिटमधली सुई याच दोन सुरांच्या फरकावर हलते.

पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर वैमानिकाला जमिनीपासून २०० फुटांपर्यंत ढगातून खाली येता येतं. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर पुन्हा वर. शिवाय धावपट्टीवरची दृश्यमानता साधारण ५५० मीटर तरी लागते. दुसऱ्या श्रेणीत ही मर्यादा १०० फूट आणि ३०० मीटरपर्यंत उतरते. पण त्यासाठी जास्त दिवे, एका सेकंदात हाती येणारी राखीव वीज आणि खास प्रशिक्षण घेतलेला चालकवर्ग हवा. बहुतेक छोटे विमानतळ हा खर्च करत नाहीत. वर्षातल्या मोजक्या धुक्याच्या सकाळींसाठी तो परवडत नाही.

आता समजा ग्लाइड पाथचा ट्रान्समीटर बंद पडला. आकाश निरभ्र असेल तर प्रवाशाला पत्ताही लागत नाही. वैमानिक धावपट्टीलगतच्या चार पॅपी दिव्यांकडे पाहून उतरतो: दोन पांढरे आणि दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे धोक्याइतकं खाली. पण त्याच दिवशी ढगांचा तळ ३०० फुटांवर असेल तर चित्र पालटतं. उताराची खूण गेली की २०० फुटांपर्यंत येण्याची मुभाही जाते आणि मर्यादा बहुधा ४००-५०० फुटांवर किंवा त्याहूनही वर चढते. वैमानिक त्या उंचीवर येतो, ढगातच असतो आणि परत वर निघतो. उपकरण तेच, बिघाड तोच. तो किती महाग पडणार हे हवामान ठरवतं.

ही यंत्रणा स्वतःवरही पहारा ठेवते. अँटेनाजवळचा मॉनिटर सिग्नल सतत तपासतो. सिग्नल ठरावीक मर्यादेबाहेर सरकला की काही सेकंदांत राखीव ट्रान्समीटर सुरू होतो, तोही चुकला तर यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. चुकीचा रस्ता दाखवण्यापेक्षा रस्ताच न दाखवणं बरं, हे त्यामागचं तत्त्व. अँटेनासमोर उभी राहिलेली गाडी किंवा कापायचं राहून गेलेलं उंच गवत एवढ्यानेही सिग्नल वाकतो. म्हणून ढग खाली आले की त्या पट्ट्यात कुणालाही फिरकू देत नाहीत.

बंद उपकरणापेक्षा मोठा धोका असतो तो बंद उपकरण चालू आहे असं वाटण्याचा. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचं एक जंबो विमान रात्री, पावसात, पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर उतरत होतं. तिथला ग्लाइड पाथ दुरुस्तीसाठी बंद होता, तशी सूचना आधीच निघालेली होती आणि ती चालकवर्गापर्यंत पोचलीही होती. तरी उतरताना कॉकपिटमध्ये तो चालू आहे की काय अशी चर्चा झाली. विमान धावपट्टीच्या कित्येक किलोमीटर अलीकडे एका टेकडीवर आदळलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. टेकडीची चाहूल देणारी जमिनीवरची रडार-इशारा यंत्रणाही त्या भागापुरती निष्प्रभ करून ठेवलेली होती. म्हणून वैमानिक उड्डाणाआधी 'नोटॅम' नावाच्या त्या रुक्ष, आखूड सूचना ओळ न ओळ वाचतात. कोणता दिवा बंद, कोणता टॅक्सीवे (धावपट्टीकडे ये-जा करायचा विमानांचा रस्ता) खणलेला, कुठे क्रेन उभी, हे सगळं त्यात असतं. वाचायला कंटाळवाणं आहे खरं, पण छोट्या विमानतळाची आजची तब्येत तिथेच लिहिलेली असते.

आता दिवे. धावपट्टीच्या कडेचे दिवे घरातल्या दिव्यांसारखे समांतर जोडलेले नसतात, ते एकाच माळेत असतात. धावपट्टी दोन-अडीच किलोमीटर लांब. समांतर जोडणी केली तर दूरच्या टोकाचे दिवे मंद पडतील आणि वैमानिकाला धावपट्टी वाकडी-तिकडी भासेल. माळेत मात्र सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो, पूर्ण तेजाला साधारण ६.६ अँपिअर. हा प्रवाह स्थिर ठेवणारं यंत्र वीजखोलीत बसवलेलं असतं. मग एक दिवा गेला की माळच विझत नाही का? विझत नाही, कारण प्रत्येक दिव्याखाली जमिनीतल्या डब्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. दिवा जळाला तरी मुख्य केबलचा प्रवाह त्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे वाहत राहतो.

खरा घोटाळा होतो तो पाण्यामुळे. केबलच्या सांध्याला बारीक भेग पडलेली असते. कोरड्या दिवसांत काही जाणवत नाही. पहिल्या जोरदार पावसात डब्यात पाणी साचतं, प्रवाह जमिनीत गळायला लागतो आणि दूरचे दिवे मंदावतात किंवा माळ बंद पडते. यावर उपाय म्हणून दोन माळा आलटून पालटून गुंफतात: पहिला, तिसरा, पाचवा दिवा एका माळेत, दुसरा, चौथा, सहावा दुसरीत. एक माळ गेली तरी एकाआड एक दिवा उरतो आणि धावपट्टीचा आकार कळतो. केबलचा विद्युतरोध पावसाळ्याआधी मोजून नोंदवत गेलं तर कोणता तुकडा कुजतोय हे महिनोन् महिने आधी कळतं. ही नोंदवही नीट ठेवणारा विद्युत विभाग असेल तर विमानतळाचे निम्मे रात्रीचे खोळंबे टळतात, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या श्रेणीच्या धावपट्टीवर किमान ८५ टक्के दिवे चालू हवेत आणि शेजारशेजारचे दोन दिवे एकाच वेळी बंद चालत नाहीत. मुख्य वीज गेली तर जनरेटरने १५ सेकंदांच्या आत भार उचलायला हवा. पंधरा सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण उतरणारं जेट तेवढ्यात एक किलोमीटर पुढे आलेलं असतं. अगदी खाली आलेल्या विमानासमोरचे दिवे गेले तर वैमानिक वाट पाहत नाही, जोर लावून वर निघतो.

प्रवाशांना सर्वांत अनाकलनीय वाटणारं कारण आगीच्या बंबाचं असतं. हवा छान, धावपट्टी मोकळी, तरी विमान येऊ शकत नाही, का तर बंब नादुरुस्त! आग लागलेलीच नसताना बंबाचा काय संबंध? संबंध असा. प्रत्येक विमानतळाला अग्निशमनाची एक श्रेणी मिळते, १ ते १०. ती विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवर ठरते. एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानाची लांबी २७ मीटरच्या आसपास, त्याला पाचवी श्रेणी लागते. एअरबस ए३२० साडेसदतीस मीटरचं, त्याला सहावी. बोइंग ७३७-८०० साडेएकोणचाळीस मीटरचं, ते जेमतेम दोन मीटरच्या फरकाने सातव्या श्रेणीत जातं. फोमसाठी लागणारं पाणी पाचव्या श्रेणीला ५,४०० लिटर, सहावीला ७,९०० आणि सातवीला १२,१०० लिटर. पाचवीला एक बंब पुरतो, सहावी-सातवीला दोन हवेत. शिवाय धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पहिला बंब तीन मिनिटांच्या आत पोचून फवारा सुरू झाला पाहिजे, दोन मिनिटांत पोचला तर उत्तम. पेटलेल्या इंधनाच्या झळीत विमानाचं ॲल्युमिनियमचं कवच काही मिनिटांतच वितळून भोक पडू शकतं, म्हणून ही घाई.

दोन बंबांपैकी एकाचा पंप किंवा गिअरबॉक्स गेला की श्रेणी त्याच क्षणी खाली येते आणि तसा नोटॅम निघतो. एटीआर येत राहतं, एअरबसची उड्डाणं मात्र रद्द होतात किंवा वळवली जातात. उड्डाणं कमी असलेल्या ठिकाणी एका श्रेणीची सूट मिळू शकते, पण ती आधीच वापरलेली असेल तर पुढे वाव नसतो. आणखी एक बारकावा: बंब एखाद्या खोट्या इशाऱ्यावर जाऊन फोम उडवून आले, तर टाक्या पुन्हा भरून होईपर्यंत विमानतळाला पूर्ण संरक्षण नसतं. तेवढा वेळ विमानं वर थांबतात.

वर थांबणार तरी किती वेळ? ए३२० आकाराचं जेट तासा-सव्वा तासाच्या प्रवासाला निघताना साधारण असं इंधन घेतं: जमिनीवर फिरण्यासाठी २०० किलो, प्रवासासाठी २,९००, अनपेक्षित गोष्टींसाठी २००, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यासाठी १,४००, आणि अखेरचा राखीव साठा १,१५० किलो. हा अखेरचा साठा म्हणजे १,५०० फुटांवर ३० मिनिटं उडण्याइतकं इंधन, आणि त्याला हात लावायचा नसतो. उतरल्यावर तेवढं टाकीत उरलंच पाहिजे. तेवढं उरणार नाही असं दिसलं तर वैमानिकाला 'मेडे फ्युएल' असा पुकारा करावा लागतो. सकाळी धुक्याची शक्यता पाहून वैमानिकाने ८०० किलो जास्त घेतले, तर घिरट्या घालण्यासाठी त्याला वीस-एकवीस मिनिटं मिळतात. सूर्य वर येऊन जमीन तापायला आणि धुकं विरायला पाऊण तास लागणार असेल, तर ती वीस मिनिटं संपायच्या आत विमान वळतं. कॉकपिटमधला निर्णय बहुतेक वेळा एवढ्या सरळ वजाबाकीचा असतो. जास्तच इंधन का घेत नाहीत, असं कुणी विचारेल. इंधनाचं वजन असतं, आणि छोट्या धावपट्टीवर उतरताना तेच वजन आडवं येतं.

धावपट्टी ओली असेल तर ते फारच आडवं येतं. जेट साधारण १४० नॉटने टेकतं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. 'हळुवार उतरवू' म्हणून तीन सेकंद जमिनीच्या जरासं वर तरंगत ठेवलं की दोनशेहून अधिक मीटर धावपट्टी मागे पडली. सुरुवातीच्या टोकावरून १० फूट जास्त उंचीने आलं तर आणखी साठेक मीटर गेले. मागून वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग वाढतो, आणि थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: १४०चे १५० झाले की ती जवळपास १५ टक्क्यांनी चढते. त्यात पाणी साचलेलं असेल तर टायर रस्त्याला न चिकटता पाण्यावर घसरतो. टायरमधला दाब २०० पीएसआय असेल तर १२७ नॉटच्या वर हे होऊ शकतं, म्हणजे टेकल्यानंतरचे पहिले काही सेकंद ब्रेक नावापुरतेच. टेकण्याच्या जागी टायरचं रबर घासून काळा गुळगुळीत थर बसतो, तो पाण्याच्या अतिउच्च दाबाने वेळोवेळी खरवडावा लागतो. तो राहिला तर पावसाळ्यात नेमका तोच पट्टा निसरडा होतो.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला या बहुतेक गोष्टी एकत्र आल्या. पठार कापून केलेली २,७०० मीटरची धावपट्टी, पाऊस, मागून सुमारे १४ नॉटचा वारा. त्याआधीच्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालला नव्हता. विमान धावपट्टीच्या जवळपास निम्म्यावर, १,३५० मीटर पुढे टेकलं, थांबू शकलं नाही आणि टोकावरून खाली कोसळून तुटलं. १९० जणांपैकी २१ गेले. टेकण्याची जागा हुकली तेव्हाच पुन्हा वर जायचं होतं, किंवा सरळ दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं होतं. म्हणून विमान वळल्याची घोषणा होते तेव्हा कॅप्टनचा राग येऊ देऊ नका, ही मनापासून विनंती.

धावपट्टीच्या टोकापलीकडे काय आहे, यालाही तेवढंच महत्त्व. तिथे किमान ९० मीटरचा आणि जमल्यास २४० मीटरचा मोकळा सपाट पट्टा ठेवायचा असतो. तेवढी जागा नसेल तर चुरडणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर टाकतात. चाकं त्यात रुततात आणि विमान थांबतं. त्या भागात अँटेना किंवा दिवे असतील तर त्यांचे खांब धक्का लागताच मोडतील असे हवेत. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या मुआन या प्रादेशिक विमानतळावर पक्षी धडकल्यानंतर जेजू एअरचं विमान चाकं न काढता पोटावर उतरलं. घसरत ते धावपट्टीबाहेर गेलं आणि लोकलायझरच्या अँटेना ज्यावर बसवल्या होत्या त्या काँक्रीट घातलेल्या मातीच्या बांधावर आदळलं. १८१ पैकी फक्त दोघं वाचले. विमानांना रस्ता दाखवण्यासाठी उभारलेली वस्तूच भिंत झाली, आणि तो बांध मोडायला फार मोठं तंत्रज्ञान लागलं नसतं याची खंत वाटते.

आता रोजच्या, कमी भीषण पण विमानतळ तासन् तास बंद पाडणाऱ्या गोष्टीकडे येऊ: टायर फुटून मध्येच उभं राहिलेलं विमान. वैमानिकाने उड्डाण रद्द करून पूर्ण ताकदीने ब्रेक दाबले की ब्रेकच्या चकत्या शेकडो अंश तापतात. ती उष्णता चाकाच्या रिमपर्यंत झिरपायला काही मिनिटं लागतात, म्हणून धोका थांबल्यानंतर वाढतो. रिममध्ये ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या धातूचे छोटे प्लग बसवलेले असतात. ते वितळतात आणि टायरमधला नायट्रोजन फुस्सकन बाहेर सोडतात, नाहीतर चाकाचा बॉम्ब झाला असता. या काळात अग्निशमन दल चाकाकडे नेहमी समोरून किंवा मागून जातं, बाजूने कधीच नाही. रिम फुटलं तर तुकडे धुर्‍याच्या दिशेने, म्हणजे बाजूंना उडतात. लालबुंद ब्रेकवर थंड पाण्याचा जोरदार झोतही टाळतात, कारण एकदम आकसून धातू तडकतो. आग नसेल तर नुसतं थांबायचं.

मग चाकं बदलायची. पण सुटी चाकं या विमानतळावर नसतात, ती कंपनीच्या मुख्य तळावरून मागवावी लागतात. एका पायाचे दोन्ही टायर बसले असतील तर विमान इतकं खाली येतं की नेहमीचा जॅक धुर्‍याखाली शिरत नाही, बुटका जॅक शोधावा लागतो. चाक मातीत रुतलं असेल तर काम कित्येक पटींनी वाढतं: आधी इंधन काढून वजन उतरवायचं, पंखाखाली हवेच्या उशा फुगवून उचलायचं, चाकांखाली पोलादी पत्रे अंथरायचे आणि मुख्य चाकांच्या पायांना पट्टे बांधून हळूहळू ओढायचं. नाकाच्या चाकाला धरून ओढलं तर तो पाय मोडतो. हे सुरू करण्याआधी अपघात-तपास अधिकाऱ्यांची परवानगीही लागते, कारण त्यांच्या लेखी ते विमान पुरावा असतं. आणि विमान डांबरावरून बाजूला गवतात गेलं म्हणून धावपट्टी खुली होत नाही. आयएलएस असलेल्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे १४० मीटरचा पट्टा मोकळा लागतो.

इकडे ज्या विमानतळाकडे विमानं वळतात, त्याचेही हाल होतात. तो छोटा असेल तर एका सकाळी पाच पाहुणे म्हणजे एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, भरला. ए३२०चं दार जमिनीपासून साधारण साडेतीन मीटर उंच. तिथली शिडी तेवढ्यासाठीच बनवलेली असते. मोठं दोन मार्गिकांचं विमान वळून आलं तर दार पाच मीटरवर आणि शिडी पोचत नाही. ट्रॅक्टर असतो, पण टो-बारचं, म्हणजे विमानाला जोडायच्या दांड्याचं, तोंड विमानाच्या जातीनुसार वेगळं. विमानाच्या शेपटीतलं सहायक इंजिन बंद असेल तर मोठी इंजिनं सुरू करायला बाहेरून दाबाची हवा देणारं यंत्र लागतं, आणि ते तिथे नसतंच. अशा वेळी जाणते वैमानिक थांबल्यावरही एक इंजिन चालू ठेवतात. ते बंद केलं की विमान तिथेच अडकलं. त्यातच चालकवर्गाच्या कामाचे तास संपत येतात आणि धुकं विरलं तरी निघायला माणूस उरत नाही.

या गर्दीचं सर्वांत भयानक रूप २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दिसलं. शेजारच्या ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने विमानं लॉस रोदेओस या छोट्या, एकाच धावपट्टीच्या विमानतळाकडे वळवली होती. टॅक्सीवे उभ्या विमानांनी भरला, म्हणून दोन जंबो विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत जावं लागलं. ढग खाली उतरले, धावपट्टीच्या मध्यरेषेचे दिवे बंद होते आणि जमिनीवर रडार नव्हतं. रेडिओवर दोन संदेश एकमेकांवर पडले, एका विमानाने परवानगीशिवाय धाव घेतली आणि ५८३ माणसं गेली. त्यानंतर रेडिओवरची भाषा ठरावीक शब्दांत बांधली गेली. आज 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी 'डिपार्चर' म्हणतात.

टॉवरमधला एकटा नियंत्रक हाही असाच एक कच्चा दुवा. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहाटेच्या अंधारात एक प्रादेशिक जेट ७,००३ फुटांच्या धावपट्टीऐवजी ३,५०० फुटांच्या धावपट्टीवर वळलं. टॅक्सीवेचा रस्ता बांधकामामुळे नुकताच बदलला होता. परवानगी देऊन नियंत्रक दुसऱ्या कामाकडे वळला होता. ५० पैकी ४९ जण गेले. रेडिओच बंद पडला तर टॉवरकडे बॅटरीवरचा सेट असतो, आणि तोही गेला तर हातात धरायचा प्रकाशझोत. उडत्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. हा दिवा रोज सकाळी तपासला जायला हवा. वर्षानुवर्षं वापर नसलेली वस्तूच गरजेच्या वेळी दगा देते.

अडकलेलं विमान हलल्यावर लगेच धावपट्टी खुली होत नाही. एक गाडी धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जाते, मग उलट बाजूने पुन्हा. गाडीतली माणसं रबराचे तुकडे, सुटलेले नट, जॅकखाली चिरडलेला खडा, तुटलेला कडेचा दिवा शोधत असतात. २००० साली पॅरिसजवळ काँकॉर्ड या स्वनातीत विमानाचा टायर फाडणारी धातूची पट्टी अर्ध्या मीटरपेक्षाही छोटी होती, आणि ती काही मिनिटं तिथे पडून होती. डांबरावर सांडलेलं तेल धुतलं जातं, पाणी साचलं असेल तर धावपट्टीच्या तिन्ही तृतीयांशांचा स्थिती-आकडा वेगवेगळा ठरवला जातो: ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ३ मिलिमीटरपर्यंत पाणी, शून्य म्हणजे ब्रेक लागणारच नाहीत. दिवे एकदा पूर्ण तेजावर लावून मोजले जातात. बंबांच्या टाक्या भरल्याचा निरोप टॉवरला येतो. मग नोटॅम मागे घेतला जातो, आणि पहिलं विमान उतरून टॅक्सीवेवर वळलं की नियंत्रक वैमानिकाला विचारतो, ब्रेक कसे लागले.